तो आत असताना हात लावू नये

प्रिय दादा,

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. आणि मी एका बोटाने टाइप करते, त्यामुळे पत्र दुपारी सुरू केलंय, संपेल कधी ते सांगता येत नाही. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू बोल म्हणतोस आणि माझी दातखीळ बसते. गप्पूबाई हे नाव तूच ठेवलंयस. शाळा सोडल्यापासून दिवसभर दुकानात असते, तरी गिऱ्हाईक आलं की मी कोरायच्या मशीनमागे जाते. मशीन बरं, त्याच्याशी कसं काय, बरं आहे, असलं काही बोलावं लागत नाही.

दुकान ठीक चाललंय. एका दवाखान्याच्या सगळ्या दारांवरच्या नावाच्या पाट्या आपल्याला मिळाल्यात. प्रत्येक डॉक्टरला आपलं नाव शेजारच्यापेक्षा मोठं हवंय. बाबा त्यांना म्हणाले, आधी दार मोठं करून घ्या, मग नाव मोठं करतो. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याला दाद देत नाही.

तू नोकरीला निघालास तेव्हा बाबा म्हणाले होते, जा, दुकान तुझ्यावाचून अडत नाही. तू म्हणालास, बघू. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना फोन केला नाही. जसा एक नमुना तसा दुसरा. पण दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून गेला होतास ना, तर रोज संध्याकाळी तू तिकडून नेटवरून त्याच्या आत यायचास. इथे पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागायचा. बाबा चष्मा पुसायचे, स्टूल ओढून पुढ्यात बसायचे. तू पाटीवरची अक्षरं सरकवायचास, ते बघत राहायचे. मधेच म्हणायचे, अरे, त्या र ला जरा श्वास घेऊ दे. तुला काही ऐकू जायचं नाही, पण तू नेमकं तेच करायचास. मग ते माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच केलंय.

खरं सांगू का, ती अक्षरांची जुळवणी आता त्यांना स्वतःला येते. तरी फाइल संध्याकाळपर्यंत तशीच ठेवतात. आई म्हणते, पोराच्या हाताला काम ठेवतायत.

ती वकीलबाईंची पाटी आठवते? तू आत असताना बाबांनीही माऊस धरला, बाण बिचारा दोघांच्या ओढाताणीत सैरभैर झाला आणि बाईंच्या नावातलं मधलं अक्षरच उडालं. मशीनने पाटी तशीच कोरली. तू आईच्या फोनवर ओरडलास, मी आत असलो की त्यांनी कशालाही हात लावायचा नाही. बाबा तिथेच होते. त्यांनी पितळेचा एक उरलेला तुकडा घेतला, कोरला आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर ठोकला. तो आत असताना हात लावू नये. हे तुला कुणी सांगितलं नसेल. गिऱ्हाईकं विचारतात, तो म्हणजे कोण? बाबा म्हणतात, आहे एक.

मग तू कॉम्प्युटरची सिस्टीम नवी केलीस, ती वेलँड की काय म्हणतात ती. आईला लांबलचक मेसेज पाठवला होतास. आधी पासवर्ड असला की सरळ आत येता यायचं, आता समोर बसलेला माणूस हो म्हणाल्याशिवाय पडदा बाहेर कुणालाच दिसत नाही. पडद्यावर एक चौकट येईल, त्यात बाबांनी शेअर हे बटण दाबायचं. आईने वाचला, पण बाबांपर्यंत पोचलं ते एवढंच, की आता आधी एक चौकट येणार.

परवा तुझा दुसरा मेसेज आला. बाबा रोज नाही म्हणतायत, मला काय ते कळलं, मी आत येतो तो प्रोग्राम काढून टाका, सुट्टीतही माझी वाट बघू नका. आईने तो बाबांना दाखवला नाही. पण त्या दिवशी तिने चहात साखर घातली नाही आणि बाबांनी तो तसाच पिऊन टाकला.

काल संध्याकाळी मशीन लवकर बंद करून मी मुद्दाम बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. चौकट आली. बाबांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. बाबा चौकटीकडे बघतायत, चौकट बाबांकडे. मग ती गेली. बाबा म्हणाले, आजपण दारातूनच गेला. कामात असेल.

दादा, ते नाही म्हणत नाहीयेत. चौकट आली म्हणजे तू आलास असं समजून हात आवरून बसतात. इकडे ते बाण हलायची वाट बघतात, तिकडे तू त्यांच्या बोटाची.

मी म्हटलं, बाबा, ते तुम्ही दाबायचंय. त्यांनी वरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाले, त्याने सांगितलंय ना, मग तू मध्ये पडू नको. मी स्वतः दाबलं असतं, पण मग ते हो माझं झालं असतं.

म्हणून लिहितेय. प्रोग्राम काढायला लावू नकोस. आणि न विचारता आत येता येईल अशी काहीतरी युक्तीही असते म्हणे, ती करू नकोस. त्यांना हो म्हणू दे. तू फक्त एकदा फोन कर, आईच्या नाही, त्यांच्या फोनवर, आणि म्हण, बाबा, हात लावा. माझ्या सांगण्याने ती पाटी उतरायची नाही. तुझ्या उतरेल. दवाखान्याची फाइल त्यांनी अजून जुळवलेली नाही.

समोरच्या न्हाव्याने दुकानाला आतून पोपटी रंग दिलाय. आरशात सगळी गिऱ्हाईकं आजारी दिसतात.

तुझीच,
गप्पूबाई