भोगवटादार म्हणून सही

सोमवार, ३ तारीख
आज गोदामाचा व्यवस्थापक झालो. तीन मजले, काचेची केबिन, फिरती खुर्ची. मालकांनी स्वतः किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि एका कागदावर सही घेतली. ‘भोगवटादार’ या शब्दापुढे माझं नाव. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाले, इमारत ज्याच्या ताब्यात तो. आता इथले राजे तुम्हीच. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, दोन खोल्यांत पाय आखडून झोपणाऱ्याला तीन मजले मिळाले, आता तिकडेच पसरा.

मंगळवार, ११
माल चढवायच्या लिफ्टची जाळी तुटलेली आहे. तिसऱ्या मजल्यावरून थेट खड्डा दिसतो. आडवी एक सुतळी बांधलीय, बस. पॅकिंगच्या मावशींनी सांगितलं, त्यांची भाची गेल्या वर्षी तिथूनच पडून गेली. कोर्टात मालक म्हणाले, ताबा व्यवस्थापकाचा. व्यवस्थापक म्हणाला, मी हुकमाचा ताबेदार. दोघेही सुटले.
मालकांना फोन केला. म्हणाले, सीझन उरकू द्या. बरं म्हटलं. लिफ्ट चालूच ठेवली.

गुरुवार, २०
भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, निळा एप्रन घातलेली एक मुलगी केबिनमध्ये आली. “ताबा कोणाचा?” तिने विचारलं.
मी ऐटीत म्हटलं, “माझा. काय काम आहे?”
ती वळली. अंग वळलं. चेहरा माझ्याकडेच राहिला.
मावशींना सांगितलं. त्या खोक्याला पट्टी लावत होत्या. “आली का?” म्हणाल्या. “मागच्या साहेबांनाही विचारलं होतं तिने.”

शुक्रवार, २१
मागच्या व्यवस्थापकाच्या घरी फोन केला. बायकोने उचलला. ते गेले. तळमजल्यावरचं घर, पलंगावरून उठताना पडले. डॉक्टर म्हणाले, हाडं तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी मोडलीत.

शनिवार, २२
राजीनामा आणि किल्ल्या घ्यायला मालकांना बोलावलं. दुपारी आले, हसतच. ती दारात होती. तोच प्रश्न.
मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्याकडे.
ती त्यांच्याजवळ गेली. हातही लावला नाही. मालक खुर्चीत बसल्या बसल्याच — तो आवाज — खुर्ची जागची हललीसुद्धा नाही —
काचेपलीकडे मावशी उभ्या होत्या. बघत होत्या.

शनिवारच
दार उघडत नाही. ती समोर बसलीय. खरं लिही, म्हणते.
जाळीसाठी मी तीनदा फोन —
मान हलवली तिने.
एकदा. एकदाच केला. खड्डा रोज दिसत होता. तरी माणसं वर पाठवली. सही माझी, ताबा माझा. पण घरी बायको एकटी —
मावशी, तुमचं ऐकेल ती. तिला सांगा —
मावशींनी तोंड फिरवलं.
ती उठली. पायाखालची फरशी