आमदार पुतणीस, पडलेल्या काकाकडून

अरेरा कॉलोनी, भोपाळ
४ फेब्रुवारी

चि. स्वरदा हिस (अमेरिकेतल्या आमदाराला चिरंजीव म्हटलेलं चालतं ना?) अच्युतकाकाचे भरघोस आशीर्वाद. घसा बरा असेलच. इथे येऊन तो इतका वापरलास, म्हणून विचारतो. माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब तेवढा वाढलाय आणि त्याचं श्रेय सर्वस्वी तुझं.

तू तिकडच्या विधानसभेवर निवडून आलीस तेव्हा इथल्या मराठी मंडळात पेढे मी वाटले होते, अध्यक्ष या नात्याने. एकोणीस वर्षं अध्यक्ष होतो. आमदार म्हटलं की भोपाळच्या माणसाला पांढरी गाडी, तिच्यामागे आणखी दोन आणि बदलीचे अर्ज दिसतात. म्हणून तुझा जंगी सत्कार ठेवला, मंडळाच्या निवडणुकीच्या बरोबर पंधरा दिवस आधी. (योगायोग नव्हता, कबूल.) आणि तू आलीस रिक्षातून, पाठीला सॅक लावून! सत्काराची शाल थंडी वाजते म्हणून खरोखरच गुंडाळून बसलीस. विनायकरावांनी जावयाच्या बदलीचा अर्ज तीन प्रतींत आणला होता. तो तू शेवटपर्यंत वाचलास आणि हे माझ्या हातात नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलंस. आमचे पुढारी चाळीस वर्षं 'हो जाएगा' म्हणतात; त्यांचं काय बिघडलं?

मग तुझं भाषण. सभागृह वर्षातून तीनच महिने भरतं, उरलेले नऊ महिने तू औषधाच्या दुकानात उभी असतेस, दोनदा पडलीस, तिसऱ्यांदा घरोघरी दारं ठोठावलीस, एक कुत्रा चावला आणि सदतीस मतांनी आलीस. इथवर ठीक होतं, लोक हळहळलेही. पण तुमच्याकडे सलग आठ वर्षं झाली की आमदाराने घरी बसायचं, हा नियम तुला कोणी विचारला होता? हॉलमध्ये टाळ्या! आपला चिटणीस जितेंद्र उठून म्हणतो, "काका, नियम तो बढ़िया है, आपण पण लावू या." मी हसलो. अध्यक्षाला हसावंच लागतं.

दुसऱ्या दिवसापासून तुझी काकू रोज नटूनथटून बाहेर पडू लागली. संक्रांत झालेली, हातात तिळगुळाचा डबा, मला वाटलं हळदीकुंकू. मीच तिला स्कूटरवरून पोचवत होतो, बिट्टन मार्केटपासून थेट आनंद नगरपर्यंत, आणि प्रत्येक दारात अर्धा तास बाहेर ताटकळत होतो. (एका घरी कुत्राही होता. तो मला चावला, तिला नाही.) आत ही बाई तुझ्यासारखीच विचारत होती, मंडळात तुम्हाला काय कमी पडतं? रजनीताईंनी सांगितलं, हॉलच्या जिन्याला कठडा नाही, गुडघ्यांमुळे त्या सहा वर्षं कार्यक्रमाला आल्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना नाटकाची आवड नाही.

निकाल: तुझी शालिनीकाकू एकशे बारा, मी एकेचाळीस. स्वतःच्या पराभवाचा प्रचार स्वतःच्या पेट्रोलवर केलेला उमेदवार तुमच्या अमेरिकेत आहे का, ते कळव.

तुझा (माजी) काका,
अच्युत

ता. क. रागावलो आहे असं समजू नकोस. समजलीस तरी हरकत नाही.

ता. क. २. पत्र खरं तर याच्यासाठी. हरलेला माणूस जिंकलेल्याला स्वतः फोन करून अभिनंदन करतो, अशी तिकडची रीत तू जेवताना सांगितली होतीस. चार दिवस झाले. जिंकलेली बाई पलीकडच्या खोलीत मटार सोलते आहे. तू पडलीस त्या दोन्ही वेळा फोनवर नेमकं काय बोललीस, ते शब्द लिहून पाठव, मराठीत. जरा लवकर पाठव. ती रोज चहा आणून ठेवते आणि मी काही बोलेन म्हणून थोडा वेळ तिथेच उभी राहते.