निळ्या कपड्यांवरचा कापूस

मंगळवार, संध्याकाळ
नारायणगुडा

बाबांचं गस्तीजहाज भंगारात निघालं, असं विशाखापट्टणमहून त्यांच्या जुन्या दोस्तानं सकाळी फोनवर सांगितलं. तोडणारे म्हणे नाकातोंडाला मास्क बांधून आत उतरतात. कशासाठी, ते दुपारी छातीच्या डॉक्टरांकडे कळलं. बाबा काम करायचे त्या इंजिनरूममधल्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. त्याची धूळ बाबांच्या फुफ्फुसात बसलीय. ती आता निघत नाही.

म्हणजे तो कापूस! बाबा सुट्टीवर आले की कामाच्या निळ्या कपड्यांवर पांढरा कापूस चिकटलेला असायचा. आई गॅलरीत उभी राहून ते फटाफट झटकायची, मग हातानं धुवायची. नेव्हीचे कपडे आणि धोब्याकडे? छे! समोरच्या बायकांना दिसायला नकोत? कसला कापूस... बाबांनी एकदा सांगायचं तरी. पण त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

बाबा मान खाली घालून बसले होते. डॉक्टर मात्र आईकडे बघत होते. तीही मघापासून खोकतेय, हे मला तेव्हा ऐकू आलं.

"अम्मा, इनके कपडे घर में कौन धोते थे?"

आई ताठ झाली. "मैंच. धोबी को कब्बी नै दी."