राखणीला बसलेली

४ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची. दोन खोल्या, मागे काचेची बंद गॅलरी आणि गॅलरीला टेकलेलं पेरूचं झाड. सामान उतरवणारे दोघे दमून पायरीवर टेकले होते आणि मी स्टुलावर चढून पेरूची पानं उलटी करून बघत होते. तिसऱ्याच पानाखाली अंडी मिळाली. मोहरीहून बारीक, हिरवट, एका रांगेत चिकटवलेली. एकाने खालून विचारलं, बाई, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, सापडलंय.

बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा किल्ली फक्त माझ्या हातात आहे. बाबांचं अंथरुणावरचं सगळं अठरा वर्षं मी काढलं. ते गेल्यावर महिन्याभरात दादाने घर विकायला काढलं आणि मला सांगितलं की तू आमच्याकडे ये, वहिनीला तेवढीच मदत होईल. भांडायचं सोडून मी बदली मागून घेतली. धाकटी म्हणते, ताई, तुझ्या वाटणीचा राग देव द्यायलाच विसरला.

मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. गुडघे दुखतात त्यांचे, पण जिन्यावरून दिवसातून दहा वेळा येतात. आधीच्या भाडेकरूही एकट्या बाईच होत्या, शांत होत्या, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अंडी झाडावरच फुटली. चाळीस तरी अळ्या असतील. केसाएवढ्या, आणि चालतात वितीवितीने: मागचे पाय पुढच्या पायांजवळ आणायचे, पाठीची कमान करायची, की पुन्हा पुढे. कापड मोजणाऱ्या दुकानदारासारख्या. कोवळ्या पानांच्या डहाळ्या पाण्याच्या बाटलीत ठेवल्या आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस दाबला, नाहीतर मूर्ख पाण्यात जाऊन बुडतात. बारा बरण्या, तोंडाला मलमल, वर रबर. सकाळी सहाला लेंड्या झाडायच्या, पानं बदलायची, मग शाळेत.

नव्या शाळेची प्रयोगशाळा बरी आहे, मदतनीस म्हणून मीच ती झाडते-पुसते. जीवशास्त्राच्या बाईंनी माझ्या बरण्यांबद्दल ऐकलं आणि तीन मागून घेतल्या, मुलांना दाखवायला म्हणून. दिल्या. मला आनंदच झाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज गॅलरीचा कोपरा झाडला. छताच्या फळीमागून एक गांधीलमाशी निघाली. काळी, कंबर दोऱ्याएवढी, माझ्या करंगळीएवढी लांब. एवढी मोठी मी पुस्तकातही पाहिलेली नाही. शेपटाला सुई होती. फडका उगारायच्या आत ती माझ्या बरगडीखाली बसली, पदरावरूनच, आणि निघून गेली.

दुखलं नाही. त्याचंच नवल वाटलं म्हणून लिहून ठेवते. लाल ठिपका आहे, खाजतही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सातव्या बरणीत जे झालं ते बघायला माणसं आयुष्य घालवतात. तिच्यातली एक अळी चार दिवस सुस्त होती. आज सकाळी तिच्या कुशीची कातडी फुटून बारीक पांढरे किडे बाहेर आले. झाडावर असतानाच एखाद्या चिमुकल्या गांधीलमाशीने तिच्या अंगात अंडी घातली असणार. किड्यांनी तिच्याशेजारीच पानावर कोष विणले, तांदळाच्या दाण्यासारखे.

अळी मेली नाही. ती सरकत आली आणि त्या कोषांवर कमान करून बसली. खात नाही, चालत नाही. मी पेन्सिलीचं टोक जवळ नेलं तर डोकं इकडून तिकडे आपटून मारायला आली. इतर अळ्या पेन्सिल लागली की नुसत्या अंग चोरतात. हिला ज्यांनी पोखरलं त्यांचीच ही राखण करते, आणि माश्या उडाल्या की ही मरणार.

धाकटीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ताई, मी जेवतेय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तपासणीला साहेब आले होते. जीवशास्त्राच्या बाईंनी माझ्या बरण्या टेबलावर मांडल्या आणि सांगितलं की हा माझा उपक्रम, अडीच महिने मेहनत घेतली. अडीच महिने. या अळ्यांचा जन्मच अकरा दिवसांपूर्वीचा. मी मागे पुसणी हातात घेऊन उभी होते.

मग मी बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. अंडं कोणत्या पानावर होतं ते विचारलं, अळी किती वेळा कात टाकते ते विचारलं. त्यांना एकही सांगता आलं नाही. दुसऱ्याच्या हाताने विंचू मारायची सवय असते काहींना, असंही म्हटलं, साहेबांसमोर. त्या रडायला लागल्या. मला जराही वाईट वाटलं नाही.

घरी येताना पायात बळ आलं होतं. वाटेत दादाला फोन लावला आणि अठरा वर्षांचं सगळं त्याच्या पदरात घातलं, लघवीच्या भांड्यापासून. त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला.

हा राग कुठे होता इतकी वर्षं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जेवण जात नाही. बरगडीखाली सुपारीएवढी गाठ आहे. मधूनच हलल्यासारखी वाटते. डॉक्टरीणबाईंनी हात लावला तेव्हा मी त्यांचा हात झटकून टाकला. त्यांनी उद्याच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. माझ्या अंगाचं काय करायचं ते मी बघेन. आजवर सगळ्यांच्या अंगाचं मीच बघितलं.

मालकीणबाई न विचारता गॅलरीत शिरल्या, चादरी वाळत घालायला. मी त्यांच्या हातातून चादर ओढली आणि ओरडले. इतकी, की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आधीचीही अशीच ओरडायला लागली होती हो. याच गॅलरीत. मी वरून ताट आणायचे तर ते माझ्या अंगावर फेकायची."

पुढे काय झालं, मी विचारलं.

"गेली. नुसती हाडं राहिली होती. शेवटपर्यंत इथून हलली नाही."

मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. खोली रिकामी पडली असती, म्हणाल्या. मी दार त्यांच्या तोंडावर लावलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहाटे कूस फुटली. रक्त फारसं नाही. सहा होते. पांढरे, बोटभर. मी ओरडले नाही, दुखलंच नाही. ते गादीवरून उतरले, गॅलरीत गेले, भिंतीवर चढले. मी मागोमाग गेले. दुपारपर्यंत त्यांनी कोष विणले.

मला कळतंय हे काय आहे. एवढी काही मी अडाणी नाही. सातव्या बरणीतली अळी अजून तशीच बसलेली आहे, मी तिच्याकडे बघून आले. केरोसीनची बाटली मोरीत आहे. काडेपेटी ओट्यावर आहे. उठायचं आणि दहा पावलं चालायचं.

उठले. मोरीपर्यंत गेले. बाटली हातात घेतली आणि असा संताप आला, तळपायाची आग मस्तकात, की बाटली मोरीतच फोडली. कोण मला सांगणार काय जाळायचं ते. कोण.

पाय कापलाय. गॅलरीत बसून लिहिते आहे.

२५ ऑगस्ट

शाळेतून शिपाई आला. काचेवर टकटक केली. मी कुंडी फेकली. पळाला. बरं झालं.

पाणी पिववत नाही. बरण्यांतल्या अळ्या मेल्या, पानं कोण आणणार. मेल्या तर मेल्या. मालकीणबाई वरून विचारतात, डॉक्टरांना बोलावू का. बोलावून तर बघा —

भिंतीपासून दोन हातांवर बसते. पाठ आपोआप वाकते. अशीच बरी वाटते.

२६

धाकटीचा फोन. मालकीणबाईंनी लावला असणार तिला. तिला सगळं सांगितलं, का सांगितलं कोण जाणे. ती रडत म्हणाली, ताई, हा तुझा राग नाही. हे ते किडे तुझ्याकडून करून घेतायत.

माझा नाही. घर माझं नव्हतं, अठरा वर्षं माझी नव्हती, बरण्या माझ्या नव्हत्या. बावन्न वर्षांत एकदा राग आला, तर तोही माझा नाही म्हणे.

जीवशास्त्राच्या बाईंवरचा होता माझा. दादावरचाही. तो कुठे संपला आणि हा कुठे सुरू झाला ते मला —

उद्या येते म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. तीन वेळा म्हटलं. हे मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही. एवढं तिला कळायला हवं.

२७

कोष काळे पडलेत. आत पाय दिसतात.

कात्री. डहाळ्या कापायची. कधी घेतली डाव्या हातात आठवत नाही. टाकून देते — बोटं सुटत नाहीत —

रिक्षा थांबली. मालकीणबाई जिन्यात बोलतायत, आत जाऊ नका म्हणतायत. चांगली बाई. धाकटी ऐकणार नाही. लहानपणापासून नाही ऐकत.

काचेपाशी आलीय. हाताला पिशवी आहे, फळं असतील. केस पिकलेत तिचे, मला कुणी सांगितलं नाही. हसतेय माझ्याकडे बघून. मी मान हलवतेय, नको नको, पण मान जोरजोरात हलते, थांबत नाही, तिला वाटतंय मी बोलावतेय —

कडी लावली होती. वरची लावली होती का —

धाकटे, मागे हो. मी उठतेय. मी नाही उठत, मी —

तिने दार