मंदा सिस्टरचं कौतुक

१२ जाने., धारणी
जीपनं हाडं खिळखिळी केली, पण येणं सार्थकी लागलं. बाळंतपणाच्या ट्रेनिंगचा उपयोग झाला का, ते बघत फिरतेय. बाकी केंद्रांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि काम जैसे थे. इथं मात्र मंदा सिस्टर! बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, जे शिकली ते करते. वर इथल्या आदिवासींची कोरकू बोलते, म्हणून बाया दवाखान्यात येतात तरी. फुलवंती भेटली. सातवा महिना. पहिलं बाळ घरीच दगावलं तिचं. म्हणते, मंदा असेल तरच येईन.

निघताना मंदा म्हणाली, "मॅडम, माह्यं लय चांगलं नका लिहू बरं."
"काहून गं?"
"चांगलं दिसलं का उचलून नेतेत."
मी हसले.

२० जाने., अकोला
रिपोर्ट गेला. मंदावर पानभर लिहिलं. असं काम क्वचित दिसतं, मग हात आखडता कशाला घ्यायचा?

१७ फेब्रु.
मंदाची ऑर्डर निघाली. अमरावतीला, ट्रेनर म्हणून. माझ्याच रिपोर्टचा हवाला. कपाळ माझं! तिच्या जागी नवी पोरगी, कोरकूचा गंध नाही. मंदाला फोन केला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. "तुमाले सांगतलं होतं मॅडम," एवढंच.
लिहिताना हात का नाही मोडला माझा.

२४ फेब्रु., अमरावती
बदलीची ऑर्डर काढणाऱ्या साहेबांना भेटले. म्हटलं, निदान फुलवंतीची सुटका होईपर्यंत तरी मंदाला परत पाठवा.
"तुम्हीच तर लिहिलंय मॅडम, अशी सिस्टर सगळ्या जिल्ह्याला मिळावी."
लिहिलंय खरं. चहा पिऊन परत आले.

२२ मार्च, अमरावती
ट्रेनिंग हॉल, मागची खुर्ची. मंदा रबरी बाहुलीवर शिकवत होती. छानच शिकवते, तेच तर. मधेच फोन. धारणीहून नवी सिस्टर: फुलवंतीला कळा सुरू, गाडी दारात उभी, पण बाई बसायला तयार नाही.
मंदानं फोन फुलवंतीकडे द्यायला लावला. कोरकूत समजावलं, मग रागावली, मग नुसतं नाव घेत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. रेंज गेली.
"काय म्हणाली गं?"
"तू कुठं हायेस, एवढंच इचारून राहिली."
मंदा फोन लावतेच आहे. लागत नाही. बाहुली टेबलावर तशीच. साहेब दारातून डोकावले.
"थांबल्या काहून सिस्टर? चालू द्या."