पेडल सुनेच्या पायाने तपासावे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, गॅरेजवाल्याची विधवा, हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दुखतो तो डावा गुडघा, आणि त्याचा या मृत्युपत्राशी संबंध आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

एक. राहते घर आणि बँकेत असेल ते मुलगा व सून यांना निम्मे निम्मे. त्यावर वाद घालू नये.

दोन. खालच्या गॅरेजातली लाल टर्बो गाडी एकट्या सुनेला. मुलाला राग येईल. दर रविवारी तो ती सुरू करतो आणि वर माझ्या खिडकीची तावदाने थरथरतात. आमचे घर खोलगट जागी. फाटकापर्यंत चढ, पुढे बसथांबा लांब. हे गेल्यापासून सहा वर्षे मी या गाडीच्या डोक्यावर राहते, पण दवाखान्यात जायचे तर कोणाला तरी सवड असावी लागते. सुनेचेही तेच. लग्नाला चार वर्षे झाली, अजून ती नवऱ्याला विचारते, "तुम्ही कधी निघणार?"

तीन. कारण लिहून ठेवते. यांनी टर्बो बसवल्यावर जुना क्लच घसरू लागला. इंजिन नुसते ओरडे, गाडी वेग घेत नसे. नवा निवडायला धाकटे दीर आले. दोघांनी शर्यतीच्या गाडीचा निवडला, इंजिनाच्या दुप्पट जोर पेलणारा. पेडल इतके कडक की दाबताना मांडी भरून येई, आणि सोडताना मधली जागाच नाही: एक तर सुटलेला, नाहीतर झटक्याने धरलेला.

"मला जमेल का?" मी विचारले.

"वहिनी, तुम्ही कुठे निघालात?" भाऊजी म्हणाले. हे हसले. मीही हसले, हेही लिहिले पाहिजे.

चार. तो क्लच बसवल्यावर एका दुपारी यांच्या छातीत कळ आली. मुलगा परगावी होता. ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागेल, असे फोनवर म्हणाले. मी यांना शेजारच्या सीटवर बसवले आणि गाडी काढली. चढावर तीनदा बंद पडली.

"हळू सोड गं, घाई नाही," हे म्हणाले.

चौथ्यांदा फाटकातच अडकली. पुढे जाईना, आणि ब्रेक सोडून मागे घसरू द्यायचा धीर होईना. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा गाडीच्या बाजूने स्ट्रेचर आत आणायला वाट नव्हती. हे शेवटचे म्हणाले, "तू विचारलं होतंस, नाही का."

डॉक्टरांनी सांगितले, लवकर आणले असते तर वाचले असते की नाही, सांगता येत नाही. मी तेव्हापासून या वाक्यात राहते.

पाच. माझी शाळा सातवीपर्यंत. यांचे इंग्रजी कॅटलॉग मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचले, दोन हिवाळे. क्लच इंजिनाच्या जोरापेक्षा थोडा जास्त पेलणारा असला की पुरे, मग पेडलही हलके राहते. रस्त्यावरच्या गाडीला तुकड्यातुकड्यांची नव्हे, पूर्ण गोल अस्तराची प्लेट हवी, मध्ये स्प्रिंगा असलेली. ती हळूहळू पकडते. तशी मी मागवली आहे. खोका माझ्या पलंगाखाली आहे. कमी पडली तर टर्बोचा दाब उतरवावा, पेडल कडक करू नये. मुलगा म्हणेल, "मग त्या गाडीत उरलं काय?" चालवणारी उरली.

सहा. क्लच भाऊजींनीच बसवावा. त्यांच्यावरचा माझा राग मी यातच काढत आहे, शिवाय त्यांच्या हातासारखे चोख काम कोणाचे नाही. बसवल्यावर पेडल सुनेच्या पायाने तपासावे. तिने गाडी फाटकाच्या चढावर तीनदा थांबवून तीनदा काढावी. बंद पडली तर दोष आधी कामात शोधावा, तिच्यात नंतर. ती म्हणते, "आई, मला नाही जमायचं." हे वाक्य तिचे नाही, ते तिला माझ्या मुलाने दिले आहे. बाळा, ते परत घे.

सात. हत्यारे मुलाला. चावी सुनेच्या हातात द्यावी. उंच खिळ्याला टांगू नये.

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. समोरचा बेकरीवाला
२. शेजारीण, निवृत्त परिचारिका

स्थळ: घरचे गॅरेज, गाडीत, चालकाच्या जागी.
दिनांक: एकवीस सप्टेंबर, यांना जाऊन सहा वर्षे झाली तो दिवस.

सही करण्याआधी साक्षीदारांदेखत पेडल पुन्हा दाबून पाहिले. माझ्या पायाखाली ते अर्ध्यावरच राहिले.

(सही)