डावा हात वर

मुलुंड. सोमवार, १७ जानेवारी १९५५
सहावीचा भूगोल आज पुन्हा राहिला. 'युरोपातील नद्या' उघडलं, तोच सुमनचा हात वर. "बाई, खाडीतून एवढं मीठ काढतात, तर खाडी कधी अळणी होईल का?" झालं! बाप मिठागरावर, तिला हेच सुचायचं. मग सगळ्याच पोरी बोलायला लागल्या. मला उत्तर येईना. म्हटलं, शोधू या. ताटल्यांत खाडीचं पाणी घालून खिडकीत ठेवलंय. नद्या राहिल्या कोरड्या.

शुक्र. २१
ताटल्यांत मीठ धरलं! पोरी चिमटीने चाखतायत, काय तो कल्ला. वळून बघते तर दारात हेडमास्तर. "बाई, पोर्शन कुठवर?" "होत आलाय." धडधडीत खोटं, निम्मासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन. साहेबांचा शेरा बरा आला तर मी कायम, नाहीतर एप्रिलात घरी.

घरी वहिनी म्हणाली, "वन्सं, नोकरी पक्की झाली तर ह्यांना काही सांगता तरी येईल. नाहीतर चिपळूणला होकार कळवायचा म्हणतायत." दादा पेपरात तोंड घालून. चिपळूणचा तो बिजवर! त्याची थोरली लेक माझ्याहून चारच वर्षांनी लहान. जेवण गेलं नाही.

३१ जाने.
ताटल्या उचलल्या. आता नुसती घोकंपट्टी. सुमनने हात वर केला, मी न पाहिल्यासारखं केलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

हेडमास्तरांनी बोलावून आपली जुनी युक्ती सांगितली. साहेब काहीही विचारोत, हात सगळ्यांनी वर करायचे. येतं तिने उजवा, येत नाही तिने डावा. बाईंनी उजव्यालाच उठवायचं. "इतकी वर्षं चाललंय, कुणाला पत्ता नाही." पोरींना शिकवलं. सुमन म्हणते, "येत नाही तर हात वर कशाला, बाई?" म्हटलं, गप बस गं बये.

सोम. ७ फेब्रु.
झालं एकदाचं.

साहेबांनी पुस्तक उघडलं ते नेमकं शेवटाकडून. स्पेन. तिथवर पोचलोच नव्हतो. प्रश्न आला आणि फटाफट हात वर. एकूण एक डावा! उठवू कुणाला? तर साहेबच म्हणाले, "तू सांग." बोट सुमनकडे. ती उठली. "येत नाही. पण एक विचारायचंय." आणि विचारलंन की, खाडी अळणी होईल का!

साहेब खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही येत नाही." हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून गेले.

हेडमास्तर जाता जाता, "वाट लावलीत, बाई."
वहिनीला मात्र सांगितलं, "इन्स्पेक्शन बरं झालं."

गुरु. १०
शेरा आलेला नाही. चिपळूणला पत्र गेलं का, विचारायची छाती होत नाही. दादा हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो, त्याचीच जास्त भीती वाटते.

आज फळ्यावर स्पेन काढला. मागे वळले तर सुमनचा हात वर. मग शेजारणीचा, मग अख्ख्या रांगेचा. सगळे डावे. मी काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात व्हरांड्यात हेडमास्तरांच्या वहाणा वाजल्या. आमच्या दाराशी येऊन थांबल्या. पोरींनी हात खाली घेतले नाहीत. सगळ्या माझ्याकडे बघतायत.

"हं सुमन, विचार," म्हटलं.